जिज्ञासेची शिकवणी

खामगाव, २ फेब्रुवारी २०२५

स्वरू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं थंड. म्हणून हे पत्र. पोस्टात साधं पाकीट मागितलं तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी मला दोनदा विचारलं, साधंच ना? मी म्हटलं, हो, साधंच, बहिणीला लिहायचंय. त्यांनी ड्रॉवरच्या तळातून शोधून दिलं.

संक्रांतीनंतर आलीस, चार दिवस राहणार म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवशी भरल्या ताटावरून उठून जलंबची गाडी गाठलीस. वरणफळं केली होती, तुझ्या आवडीची. तुझे भाऊजी मार्तंड अजून विचारतात, "स्वरदाला झालं काय?" मी सांगते, पीएच.डी. करणाऱ्या माणसाला काहीही होऊ शकतं. ते हसत नाहीत.

तुझ्या गाइड चारुलता मॅडमना संशय आहे म्हणे, की खामगावच्या प्रश्नावल्या पोरांनी भरल्याच नाहीत, तूच पुण्याच्या खोलीत बसून भरल्यास. तू हे सांगितलंस तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं, अजून फिरलेलंच आहे. मी आहे ना साक्षीला! ऑगस्टमध्ये तू गठ्ठा पाठवलास. मी आमच्या कॉलेजात बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या भूगोलाच्या तासाला तो वाटला. पोरांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेनानं भरला. मी गोळा केला आणि पाठवला. वर्गात गोंधळ नको म्हणून उभी होते, एवढंच.

विद्यार्थ्यांची जिज्ञासा मोजायची, आणि ती पुण्यापेक्षा जास्त निघाली की म्हणायचं खोटी आहे. मग मोजायचं तरी कशाला? तुम्हीच ठरवून टाका घरबसल्या, कोणाला किती ते. तू पण पहिल्यांदा किती खूश झाली होतीस! "ताई, आपली पोरं पुण्याच्या पुढे गेली गं," असं ओरडली होतीस फोनवर. इथल्या पेपरात बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले होते. आता त्या पेढ्यांचं काय करू?

तू विचारलंस, "ताई, तू पोरांना काही सांगितलं होतंस का?" मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणते.

फोन कर.

तुझी ताई

ता. क. निघालीस त्या दिवशी सकाळी तू कॉलेजच्या कँटीनमध्ये माझ्या वर्गातल्या अश्विनीशी बोलत बसली होतीस, ते मला कळलंय. तिच्या सांगण्यावर जाऊ नकोस. त्या मुलीला नसत्या चौकशा करायची खोडच आहे.


खामगाव, १६ फेब्रुवारी

स्वरू,

चारुलता मॅडमचा मला फोन आला होता. बाई फार सभ्य आहेत, त्यामुळे जास्तच त्रास झाला. म्हणाल्या, विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे स्वरदा एवढंच बोलते की प्रश्नावल्यांची जबाबदारी माझी, बाकी मला काही सांगायचं नाही. मार्चअखेर पुन्हा बैठक आहे. तोवर खुलासा आला नाही तर तुझी नोंदणी रद्द होईल आणि नावापुढे लबाडीचा शेरा लागेल. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वर्गात होता. तुम्हाला काही वेगळं जाणवलं का?"

मी म्हटलं, "नाही."

तुला सगळं माहीत आहे. अश्विनीनं तुला कँटीनमध्ये सांगितलंय, म्हणूनच तू न जेवता गेलीस. तरी समितीपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस. तू तोंड उघडलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. तुझ्यावर चिडता तरी आलं असतं.

ठीक आहे. थोडं समजावून सांगितलं होतं पोरांना.

थोडं नाही. अख्खा तास घेतला.

जुलैत तू फोनवर म्हणालीस, "ताई, ग्रामीण कॉलेजातल्या मुलांचा जिज्ञासेचा गुणांक कमी येईल, असं आमचं गृहीतक आहे." गृहीतक म्हणजे काय ते मला कळतं, मीही दोन पुस्तकं वाचलीयत. पण तुझं ते 'आमचं' मला लागलं. तू याच कॉलेजच्या याच बाकांवर बसून गेलीस, आणि आता पुण्यात राहून आमचं गृहीतक! मनात म्हटलं, थांब, दाखवते.

आमच्याकडे मूल्यांकनाची समिती येते तेव्हा पोरांना आठवडाभर आधीपासून तयार करतात, हे तुला आठवतच असेल. ग्रंथालयात रोज जाता का? हो, जातो. शिक्षक शंका सोडवतात का? हो, सोडवतात. दरवेळी ही तयारी माझ्याकडे असते, कारण मी चांगली करून घेते. तुझी प्रश्नावली हातात आल्यावर मी तेच केलं. फळ्यावर एक ते पाचमधले आकडे मांडले. 'नव्या विषयाबद्दल वाचायला मला आवडतं', इथे पाच. 'परीक्षेत न येणारं वाचायचा मला कंटाळा येतो', इथे फसू नका, हा प्रश्न उलटा आहे, इथे एक. सगळीकडे पाच दिसले तर बरं दिसणार नाही, म्हणून मधूनमधून चार टाकायला लावले. ते कुठे टाकायचे तेही मीच सांगितलं. त्यामुळे सगळ्या वर्गाचे चार एकाच जागी आले. तुझ्या मॅडमना संशय आला तो ह्याच चारांवरून. त्यांची काही चूक नाही.

प्रश्नावलीच्या वरती ठळक छापलं होतं, मोठ्यानं वाचून दाखवा म्हणून: 'यात बरोबर-चूक काही नाही. जे खरं वाटेल ते लिहा.' ती ओळ मी गाळली. म्हटलं, असं सांगितलं तर पोरं काहीही लिहून ठेवतील.

मला लाज वाटते. एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. मग वाटलं, समितीला हे कळवायला हवं, आणि लगेच वाटलं, कॉलेजात तोंड कसं दाखवू? पुढच्या वर्षी मी विभागप्रमुख होणार आहे. बघ, अजून हेच डोक्यात येतं.

ताई


खामगाव, २ मार्च

स्वरू,

मागचं पत्र मिळालं असेल. तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. समितीला मी अजून काही लिहिलेलं नाही. दोनदा कागद घेतला. पहिल्यांदा 'गैरसमजातून' असा शब्द आला, दुसऱ्यांदा 'विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी'. दोन्ही फाडले.

मागच्या पत्रात अश्विनीचं सांगितलं नाही. ते सांगणं मला सगळ्यात जड जातंय.

ही डोणगावची मुलगी. इथे वसतिगृहात राहते. वडील शेषराव, घरची शेती, भावकीत कॉलेजपर्यंत आलेली पहिलीच मुलगी. मी फळ्यावर आकडे मांडत होते तेव्हा ती उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मले काही एवढं वाचाले आवडत नाही. खरं वाटते थे लिहू नाही काय?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "तुला कोणी विचारलंय का? जास्त शहाणपणा नको."

तिनं तरीही स्वतःच्या मनाचं भरलं. गोळा करताना माझ्या लक्षात आलं. कुठे दोन, कुठे तीन, एके ठिकाणी खोडून पुन्हा विचार करून लिहिलेलं. मी तिला थांबवून घेतलं, कोरी प्रत दिली आणि समोर बसवून फळ्यावरचे आकडे उतरवायला लावले. पहिली प्रत मी फाडून टोपलीत टाकली. अख्ख्या गठ्ठ्यात तुझ्या कामाची तेवढी एकच होती.

हिचा मला आधीपासूनच राग होता, हे खरं. आदल्या वर्षी सहलीला वर्ग लोणारला नेला होता. दरवर्षी मी निघायच्या आधीच टिपणं लिहून देते, म्हणजे परत आल्यावर अहवाल पटकन होतो. झऱ्याच्या धारेपाशी उभी राहून ही विचारते, "मॅडम, इथून तं गोडं पानी पडून राह्यलं, मंग तळं खारं काऊन?" मला उत्तर येत होतं. पाण्याला बाहेर वाट नाही, ते उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, "टिपणात आहे तेवढं लिही, गाडी सुटायची वेळ झाली." गाडीला पुष्कळ वेळ होता. बाकीचे चिवडा खात बसले होते.

आणि तू जानेवारीत निघून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात हिला उभं केलं. तिच्याकडे बघत म्हटलं, "आपल्या कॉलेजच्या गोष्टी बाहेरच्यांना सांगणारे काही जण या वर्गात आहेत, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे." तुला 'बाहेरची' म्हटलं मी. ती रडली नाही, नुसती बघत उभी राहिली. आठवडाभरात वसतिगृहातून सामान घेऊन गेली. रेक्टरबाईंना वाटतं तब्येतीमुळे गेली. मी काही बोलले नाही.

तुझी पदवी जायची वेळ आली आहे आणि त्या पोरीचं शिक्षण. दोन्ही माझ्यामुळे. रविवारी डोणगावला जाते.

ताई


खामगाव, ९ मार्च

स्वरू,

जाऊन आले. मेहकरला गाडी बदलली. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं.

घर सापडायला वेळ लागला नाही. शेषराव ओट्यावरच होते. मला बघून गडबडले. "या या मॅडम, बसा. पोरीनं तं आमाले काई सांगतलं नाही. बरं वाटत नाही म्हने. आता तुमी सोता आल्या, तं काई मोठंच असन." अश्विनीच्या आईनं, शालूबाईंनी, आतून सतरंजी आणली, अंथरली. "चाय मांडतो, बसा," म्हणाल्या. सतरंजी नवी होती. मला तिच्यावर बसवेना.

अश्विनी दारात आली. मी वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. परीक्षा जवळ आली, वर्ष वाया घालवू नकोस, हजेरीचं मी बघते, असली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हटलं, "विचार."

"तुमच्या बहिनीनं मले कँटीनमधी विचारलं होतं का ताईनं असं काऊन केलं असन. मले सांगता नाही आलं. काऊन केलं तुमी?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठीच केलं गं. खामगावच्या पोरांना पुण्यावाल्यांनी कमी म्हणू नये म्हणून."

ती म्हणाली, "पन मॅडम, आमी कमी आहो का नाही, हे तं तुमालेबी माईत नोतं. मंग आधीच काऊन ठरवलं?"

स्वरू, चहा आला, तो मी घोटघोट पीत राहिले. तुझ्या गृहीतकाचा मला एवढा राग आला होता, पण मी तर तुझ्याही पुढे गेले होते. तू निदान मोजायला निघाली होतीस. आकडा कमीच येणार याची मला खात्री होती, म्हणून तर फळ्यावर मांडला. आणि कमी आला असता तर तो पोरांचा नसता आला, माझा आला असता. इतकी वर्षं या पोरांना मी शिकवतेय. पोरं पहिल्यांदा वर्गात येतात तेव्हा काही ना काही विचारत असतील, जाताना टिपणं मागत बाहेर पडतात. हे मला कुठेतरी माहीत होतं आणि ते कागदावर यायला नको होतं.

तिला मी एवढं नीट सांगू शकले नाही. एवढंच म्हटलं, "मला भीती वाटली."

शेषराव ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे पोरीनं काई चूक नाही केली?"

"नाही," मी म्हटलं. "चूक मी केली. खोटं भरायला लावलं, आणि हिनं खरं सांगितलं म्हणून वर्गात हिचाच अपमान केला."

शेषराव शालूबाईंना म्हणाले, "मॅडमले घरची डाळ दे वं बांधून." मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "घरी आलेल्या मानसाले रिकामं पाठवत नाही आमी." तुरीच्या डाळीची पिशवी मांडीवर घेऊन परत आले. चार शिव्या दिल्या असत्या तर प्रवास सोपा झाला असता.

निघताना मी तिला विचारलं, येशील का? ती म्हणाली, "पाहातो."

लहानपणी तू मागे लागायचीस, ताई हे असं का, ते तसं का. मी म्हणायचे, गप्प बस, आई दमलीय. आई दमलेली नसायची गं, मलाच उत्तर येत नसायचं.

उद्या समितीला लिहिते.

ताई


खामगाव, २३ मार्च

स्वरू,

लिहिलं. एका पानात बसलं. 'गैरसमज' नाही, 'सोय' नाही. चारुलता मॅडमना पाठवलं, एक प्रत प्राचार्यांना दिली. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "रेवतीबाई, हे लेखी द्यायची काय गरज होती?" मी म्हटलं, तोंडी मी दोनदा खोटं बोलले आहे.

माझ्याकडे खुलासा मागितलाय. विभागप्रमुखपदाचं नाव आता कोणी काढत नाही. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं हवापाण्यावर येतं. बातमी छापणाऱ्या पेपरालाही कळवलं. त्यांनी दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, हरभऱ्याच्या भावाखाली. ती मात्र सगळ्यांनी वाचली.

वर्गालाही सांगितलं. वाटलं होतं पोरं हसतील. मागच्या बाकावरचा हर्षल उठून म्हणाला, "मॅडम, आमाले तं वाटलं थे परीक्षाच होय." म्हणजे त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. हसली असती तर बरं झालं असतं.

अश्विनी परत आलीय. दुसऱ्या बाकावर बसते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

चारुलता मॅडमचा निरोप आला. तुझी नोंदणी राहिली, शेरा नाही. खामगावचा गठ्ठा बाद, नव्या सत्रात पुन्हा भरून घ्यायचा आणि वर्गात एकही शिक्षक नको. हे मला त्यांच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. माझी तक्रार नाही.

ताई


कॉलेज, ५ ऑगस्ट

स्वरू,

हे स्टाफरूममध्ये बसून लिहितेय. तू भिंतीपलीकडे आहेस.

काल तू आलीस आणि स्टँडजवळच्या लॉजवर उतरलीस. खामगाव केवढंसं! संध्याकाळी भाजी घेताना मला तिघींनी विचारलं, बहीण आलीय ना, मग लॉजवर का? एकीला म्हटलं, काम आहे तिचं. दुसरीला म्हटलं, घरी रंगकाम काढलंय. मग माझीच मला चीड आली. तिसरीला सांगितलं, "माझ्यावर रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे." त्या बाई भेंड्या निवडायच्या थांबल्या.

सकाळी तू व्हरांड्यातून गेलीस. दार उघडं होतं, मी दिसत होते. तू थांबली नाहीस. वाळलीयस फार.

आता तुझा आवाज येतोय. पहिल्यांदा ती वरची ओळ वाचलीस, मी गाळलेली. सावकाश वाचलीस, दोनदा. मग सगळं शांत झालं. इतकी शांतता माझ्या तासाला कधी नसते. मधेच कोणीतरी काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, आवाज अश्विनीचा होता. तू उत्तर दिलंस, तिनं पुन्हा विचारलं, तू पुन्हा दिलंस.

मला उठून दाराशी जावंसं वाटतंय. पोरं काय लिहिताहेत ते बघावंसं वाटतंय. पण मागच्या वर्षीसारखं नाही, स्वरू. आत काय चाललंय ते खरंच माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंय. म्हणून हात टेबलावर ठेवून बसलेय.

आकडा आला की मला कळव. पुण्यापेक्षा कमी आला तर आधी मला कळव, पेपरातून नको. त्या आकड्यात मीही आहे. तो घेऊन वर्गात जायचंय मला. टिपणं द्यायची बंद केलीयत, पोरं वैतागलीयत. लोणारची सहल दिवाळीआधी आहे, या वेळी गाडी उशिरा सांगितलीय.

तुला एक विचारायचं होतं. समितीपुढे माझं नाव का घेतलं नाहीस? सहा महिने हा प्रश्न घेऊन फिरतेय. उत्तर माझ्यावरच्या मायेचं असेल असं वाटलं की लाज वाटते, आणि नसेल असं वाटलं की भीती. तरी विचारते.

हे पत्र अश्विनीजवळ देतेय, सोबत डबा आहे. वरणफळं. डाळ शेषरावांकडची आहे, तेव्हा माझ्या हातचं म्हणून नको असेल तरी डाळीचा विचार कर. अश्विनी तुला विचारेल, "जेवता काय?" आणि तू जे म्हणशील ते मला येऊन सांगेल. काय म्हणायचं ते मी तिला शिकवलेलं नाही.

जेवशील का, स्वरू? यात बरोबर-चूक काही नाही. जे खरं वाटेल ते तिला सांग.

ताई